धुतलेला स्पंज

तो स्पंज मी माझ्या हातानं धुतला, आणि धुताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगताना मी कुठेतरी स्वतःला वाचवायला बघेन. ती माझी जुनी खोड आहे.

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या माशांची. ताई अकोल्याला एकटी राहते. जन्मभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही. मी बारा वर्षांचा असताना दर्यापूरकडच्या आमच्या गावातून तिनं मला उचलून अकोल्याला आणलं आणि आपल्या एका खोलीत ठेवून शिकवलं. आज मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो तो तिच्यामुळे. हे मी चारचौघांत नेहमी सांगतो. सांगताना माझा आवाज जरा भरून येतो आणि ऐकणाऱ्यांना मी फार कृतज्ञ माणूस वाटतो.

निवृत्त झाल्यावर ताईनं मासे पाळले. पाच गोल्डफिश. त्यातला एक तर नऊ वर्षांचा होता, तळहाताएवढा, अंगावरचा लाल रंग उडून जवळजवळ पांढरा झालेला. टाकीला ती पेटी म्हणते. तिच्या पेटीत ना रंगीत दिवे होते, ना प्लास्टिकची झाडं. तळाला नदीची जाड रेती, मागच्या काचेवर हिरवं शेवाळ आणि कोपऱ्यात हवेच्या नळीवर चालणारे, पाणी गाळणारे दोन काळे स्पंज. पाहुण्यांना ती पेटी घाण वाटायची. मलाही वाटायची, पण मी बोलत नसे.

अकोल्यात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी पाण्याचा दिवस येतो, आणि मधल्या दिवसांसाठी घरोघरी ड्रम भरून ठेवलेले असतात. ताईचं माशांचं वेळापत्रक त्यावरच बसलेलं होतं. पाण्याच्या दिवशी सकाळी ती पेटीतलं एक बादली पाणी काढायची, त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा हलकासा पिळायची आणि ते काळं पाणी मोगऱ्याला घालायची. पेटीत भरायची ते ड्रममधलं, चार दिवस शिळं झालेलं पाणी. ताजं पाणी ती माशांना कधी देत नसे, आणि स्पंज नळाखाली धरणं तर तिला परवडणारंच नव्हतं. मी एकदा म्हटलं होतं, "ताई, शिळं पाणी कशाला? आमच्याकडे बघ, चोवीस तास नळ." ती म्हणाली, "तुमच्याकडे पानी हाये, मासे नाईत." मला ते टोचलं होतं.

गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. अमरावतीला माझ्याकडे राहून एकामागून एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करायची आणि चार महिन्यांनी परत जायचं, असं तिनं ठरवलं. तिची अट एकच होती. मासे सोबत येतील. मी लगेच कबूल झालो आणि तिला न विचारता नवी टाकी घेऊन आलो. तिच्या पेटीच्या दुप्पट मोठी, निळे खडे, वर पांढरा दिवा. हॉलमध्ये सोफ्यासमोर मांडली. खरं कारण सांगायला हवं. तिनं परत जाऊ नये असं मला वाटत होतं. म्हातारी बहीण अकोल्यात एकटी आणि भाऊ अमरावतीत तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, हे लोकांना कसं दिसतं याची मला चिंता होती. एवढी मोठी टाकी पाहिल्यावर तिचा पाय निघणार नाही, असा माझा हिशेब होता.

एप्रिलमधल्या एका पहाटे, ऊन तापायच्या आत, मी गाडी घेऊन अकोल्याला गेलो. मासे झाकणाच्या बादलीत घातले. जुनी पेटी, रेती आणि दोनातला एक स्पंज ताईनं शेजारणीकडे ठेवायला दिला. त्यात चार गप्पी मासे सोडले आणि म्हणाली, मी येईपर्यंत चालू ठेव. दुसरा स्पंज तिनं पेटीतल्याच पाण्यासकट एका प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर रबर लावलं आणि माझ्या हातात दिला.

"ह्याले नळाखाली धरू नको. जसा हाये तसा नवीन टाकीत टाक. त्याच्यात जीव असते, त्याच्यावरच मासे जगतेत."

"ताई, मी बायोलॉजी शिकवतो," मी हसून म्हणालो.

"तुले म्हाईत हाये तं बरंच हाये," ती म्हणाली आणि घराला कुलूप लावायला वळली.

मूर्तिजापूरच्या पुढे ती पिशवी गळायला लागली. काळपट पाणी सीटवर पसरलं आणि गाडीत चिखलाचा वास भरला. ताईला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र काचा खाली करून नाक मुरडत घरी पोचलो. दुपारी तिला दवाखान्यात दाखल करायचं होतं, दुसऱ्या दिवशी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन. तिला बायकोजवळ दवाखान्यात सोडून मी संध्याकाळी मासे टाकीत सोडायला घरी आलो.

टाकी मी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. क्लोरीन मारायचे थेंबही घातले होते. पाणी इतकं स्वच्छ की मागची भिंत दिसावी. आणि त्या पाण्यात हा गाळानं भरलेला, वास मारणारा स्पंज टाकायचा? आमच्या हॉलमध्ये क्लासच्या मुलांचे पालक येतात. मी स्पंज बाल्कनीतल्या नळाखाली धरला. काळं पाणी निघतच राहिलं. मग भांडी घासायचा जुना ब्रश घेतला. आमच्या सोसायटीच्या टाकीत वॉचमन नेमानं ब्लीचिंग पावडर टाकतो, नळ सोडला की तिचा वास येतो. तो वास मला त्या दिवशी स्वच्छतेचा वाटला. वीसेक मिनिटं घासल्यावर पाणी नितळ निघायला लागलं. वर आणखी शहाणपणा म्हणून मी तो स्पंज कपड्यांच्या दोरीवर टाकला. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. एप्रिलच्या वऱ्हाडी उन्हात तो खडखडीत वाळला. मग टाकीत बसवला.

ऑपरेशन झाल्यावर ताईला काळा चष्मा लावून घरी आणलं. खोलीत पडल्या पडल्या तिनं पहिला प्रश्न विचारला, "स्पंज तसाच टाकला ना?"

"हो," मी म्हणालो. स्पंज मुळातच काळा असतो, धुतलेला आणि न धुतलेला लांबून सारखाच दिसतो. तिला ते कळणार नव्हतं, हे हो म्हणताना माझ्या मनात आलं होतं.

दोन दिवस सगळं झकास चाललं. नव्या दिव्याखाली मासे खरंच सुंदर दिसत होते. मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. ताईला टाकीपुढे खुर्ची मांडून दिली. ती सकाळ-संध्याकाळ चाचपडत उठायची आणि चिमूटभर दाणे टाकायची. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. चौथ्या दिवशी मासे तोंडं वर करून पाण्याच्या वरच्या थराला लटकल्यासारखे राहिले. पाचव्या दिवशी सकाळी एक मेला. मी घाबरून सगळं पाणी काढलं, निळे खडे धुतले, स्पंज पुन्हा धुतला आणि टाकी नव्यानं भरली. दुसऱ्या दिवशी आणखी एक मेला, त्याच्या शेपटीत रक्ताच्या बारीक रेघा होत्या. दोन दिवसांनी नऊ वर्षांचा तो पांढरा मासा आडवा झाला. ताईनं त्याला ओंजळीत घेतलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. काळ्या चष्म्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते, आणि मला ते सोयीचं वाटलं.

त्याच दिवशी मी मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो. त्यानं टाकी केव्हा लावली, मासे किती, एवढंच विचारलं आणि म्हणाला, "दोनच गोष्टी असतेत सर. एक तं दाने जास्त पडून राहिले असन. नाई तं जुना स्पंज कोनी नळाखाली धुतला असन. माशाची घान त्याच्यातले बॅक्टेरिया खातेत. ते मेले का पानी इख होते."

मी म्हणालो, "दाणे जास्त पडत असतील."

"कोन टाकते?"

"बहीण. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"मंग तेच," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दोन कारणांपैकी मी एकच घरी घेऊन आलो. ताई पलंगावर बसली होती. मी तिच्याजवळ बसलो, आवाज अगदी मऊ केला. आजारी माणसाशी बोलतात तसा. म्हणालो, "ताई, तुझा दोष नाही. डोळ्याला नीट दिसत नाही ना सध्या. दाणे जास्त पडले असतील. दुकानदारही तेच म्हणाला."

ती म्हणाली, "मी तं मोजून टाकत होती. चिमूट तं चिमूटच असते."

"असं तुला वाटतं," मी म्हणालो.

मी तीन शब्द बोललो. हे तीन शब्द मला आजही झोपेतून उठवून कुणी विचारले तर तशाच मऊ आवाजात म्हणून दाखवता येतील. तिनं स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहिली, आणि म्हणाली, "असन बाप्पा. आता वय झालं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं दाणे टाकणं बंद केलं. डबी माझ्या हातात दिली आणि खुर्ची टाकीपासून लांब सरकवली. एवढ्यावर थांबलं असतं तरी माझं निभावलं असतं. पण चार-पाच दिवसांनी चहा करून झाल्यावर तिनं बायकोला हाक मारली, "मी गॅस बंद केला का, पाह्य बरं." गॅस बंद होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ती चहाच करेनाशी झाली. दाराची कडी लावली की नाही ते बघायला ती दोनदा उठायची. जेवताना भाजीत मीठ कमी वाटलं तरी बोलायची नाही, आपल्याच जिभेवर तिचा भरवसा राहिला नव्हता. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई, गावात चुकीचा सातबारा काढून देणाऱ्याला उभं आडवं घेणारी, आता आमच्या घरात विचारून विचारून वावरायला लागली. बायको म्हणाली, "ताई फार हळव्या झाल्यात हो." मी म्हणालो, "वय आहे."

उरलेले दोन मासे कसेबसे जगत होते. मी रोज थोडं पाणी बदलत होतो, एवढाच त्यांना आधार होता.

पांढरा मासा मेल्याला आठवडा झाला असेल. क्लासमध्ये परीक्षेआधीची उजळणी चालू होती आणि फळ्यावर नायट्रोजन चक्र होतं. हे चक्र मी वीसपेक्षा जास्त वर्षं शिकवतोय. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींपासून सुरू करतो, शेतकऱ्यांच्या मुलांना ते लगेच पटतं. प्राण्यांच्या मलमूत्रातून अमोनिया, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. बाण काढता काढता मी थांबलो. हे जिवाणू कुठे राहतात, असा प्रश्न मी दर वर्षी विचारतो आणि मातीत असं उत्तर घेतो. त्या दिवशी मला ते कुठे राहतात ते माहीत होतं, आणि त्यांना मी ब्रशनं घासून, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, दोरीवर वाळत घातलं होतं. ताईनं जे एका वाक्यात सांगितलं, त्याचेच बाण मी जन्मभर काढत आलो, आणि तिला हसून उत्तर दिलं होतं. माझे कान तापले. पाठ करून उभा होतो म्हणून वर्गाला दिसलं नाही. कुणीतरी म्हणालं, "सर, पुढचं?" मी पुढचं लिहिलं.

संध्याकाळी दुकानदाराकडे पुन्हा गेलो आणि या वेळी खरं सांगितलं. परक्या माणसाला खरं सांगणं सोपं जातं. तो म्हणाला, "आता जुना, चालू टाकीतला स्पंज भेटला तरच मासे वाचन. माया दुकानातला नेऊ नका, इथं रोज नवीन मासे येतेत, कोनता रोग कोनत्या टाकीत हाये सांगता येत नाई." चालू टाकीतला, ओळखीचा, निरोगी स्पंज मला एकाच ठिकाणचा ठाऊक होता.

रविवारी बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडली. घरी सांगितलं, अकोल्याला एक जादा लेक्चर आहे. शेजारणीनं दार उघडलं तेव्हा पेटी समोरच होती. चार गप्पींचे कितीतरी झाले होते. काचेवर तसंच शेवाळ, कोपऱ्यात तसाच काळा स्पंज, त्यातून बुडबुडे निघत होते. ती बाई चौथीपर्यंत शिकलेली. म्हणाली, "ताईनं सांगतलं तसंच चालू हाये. पानी आलं का एक बादली काढाची, त्याच पान्यात स्पंज पिळाचा. नळाखाली धराचा नाई, असं मले दोन खेपा बजावलं होतं." मी मान डोलावली. ती पुढे म्हणाली, "केव्हा येऊन राहिल्या ताई? त्याइच्या बिगर गल्लीत करमत नाई."

"येतील," मी म्हणालो.

स्पंज मागताना मी तिलाही पूर्ण खरं सांगितलं नाही, नव्या टाकीला दोन लागतात म्हणालो. तिनं काही विचारलं नाही. रेती आहे, गप्प्यांचं भागेल, म्हणाली आणि स्पंज पेटीतल्या पाण्यासकट स्टीलच्या डब्यात घालून दिला. परतीच्या गाडीत तो डबा मी मांडीवर घेऊन बसलो. डबा तापू नये म्हणून रुमाल ओला करून भोवती गुंडाळला. समोरच्या माणसानं विचारलं, डब्यात काय आहे. मी म्हणालो, औषध आहे.

घरी पोचलो तेव्हा ताई दुपारची झोपली होती. मी स्पंज टाकीत बसवला आणि बसवण्याआधी पाण्यातच दोनदा पिळला. सगळी टाकी काळीभोर झाली. बायको बघत राहिली, तिला मी खुणेनं गप्प केलं. ताई उठून आली, एका डोळ्यानं टाकीकडे बघून म्हणाली, "पानी गढूळ काहून दिसून राहिलं?"

"फिल्टर हलला," मी म्हणालो.

तीन दिवसांत पाणी निवळलं. आठवड्याभरात दोन्ही मासे तळाशी उतरून खडे चघळायला लागले, दाण्याची डबी वाजली की वर यायला लागले. काचेवर हिरवी झाक धरली, ती मी पुसली नाही. मला वाटलं, सुटलो. मासे वाचले, आता सांगायची गरज काय? सांगून तिला उगाच त्रास. असा विचार मी रोज करत होतो आणि रोज तो मला पटत होता.

मे अखेर दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. जूनमध्ये चष्मा आला. ताईला आता वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंही दिसायला लागली. एका दुपारी ती आपणहून खुर्ची टाकीजवळ घेऊन बसली. मी क्लासहून जेवायला आलो होतो.

"दोन तरी वाचवले तू," ती म्हणाली. "तुया हाताले गुण हाये. माया हाताचं आता काई खरं नाई."

मी डबी तिच्यापुढे धरली. "टाक ना दाणे. आता तर दिसतं तुला."

तिनं हात मागे घेतला. "नको. तूच टाक." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुले एक सांगाचं होतं. अकोल्याचं घर कोनाले तरी राहाले देऊन टाक. ते पेटी शेजारनीलेच राहू दे. मी आता एकटी राहन्यासारखी नाई राहिली. इथंच राहातो तुमच्यात."

मला हवं होतं ते हेच. एप्रिलमध्ये ती दुप्पट टाकी मी याचसाठी आणली होती. एक शब्द न बोलता मला ते मिळत होतं. लोक म्हणाले असते, भाऊ असावा तर असा. मी हो म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मला स्वतःची किळस आली. दुसरा शब्द मला सापडत नाही.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, टाकीकडे तोंड करून. पिशवी गळाली तिथपासून. नळ, ब्रश, दोरी, ऊन. ती विचारत असताना हो म्हणालो ते. दुकानदारानं दोन कारणं सांगितली होती आणि मी एकच आणलं ते. अकोल्याला लेक्चर नव्हतं ते. दाणे तिनं बरोबरच टाकले होते, चिमूट ती चिमूटच होती, ते. सांगून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती रागावेल, रडेल, निदान एक शिवी तरी हासडेल, अशी मी वाट पाहत होतो. लहानपणी तिनं मला खोटं बोलल्याबद्दल एकदा दिवसभर उपाशी ठेवलं होतं.

ती रागावली नाही. तिनं विचारलं, "म्हंजे मी जास्त नव्हते टाकले?"

"नाही."

"एकडावही?"

"एकदाही नाही, ताई."

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, बॅग भरायला गेली. आली तेव्हा तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती, अर्ध्याहून जास्त रिकामी. स्वयंपाकघराच्या दारातून बायको बघत होती, तिनं मान खाली घातली. तेव्हा मला कळलं की हे तिला माहीत होतं आणि तिला माझ्यापासून लपवायला सांगितलेलं होतं.

"दुसऱ्या डोळ्याच्या खेपेले मी डॉक्टरले सांगतलं," ताई म्हणाली, "का मले भूल पडून राहिली. काय केलं, काय नाई केलं, ध्यानात राहात नाई. त्यानं दुसऱ्या डॉक्टरकडे धाडलं. तो इचारे, कायच्यावरून वाटते तुमाले? मी म्हटलं, माया हातानं तीन मासे मेले अन् मले पत्ताच नाई लागला. मंग त्यानं ह्या ध्यानात राहाच्या गोळ्या देल्या. तुले सांगू नको म्हटलं मीच हिले. तुले वाईट वाटलं असतं."

पट्टी तिनं माझ्या हातात दिली. मागची बारीक अक्षरं मी वाचली, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. पंखा फिरत होता. टाकीत दोन मासे दाण्यांची वाट बघत काचेशी आले होते, आणि त्यांना दाणे टाकायला कुणीच उठलं नाही.

"मंग ह्या आता खाऊ का नको खाऊ?" तिनं विचारलं.

ती अजूनही मलाच विचारत होती.